दुधी निळ्या गाडीचं पासिंग

पहिल्यांदा तिने त्याचा चेहरा पाहिलाच नाही. पाहिला तो त्याचा मोजा.

वाहन तपासणी केंद्राच्या दोन नंबरच्या लेनमध्ये जमिनीत एक लांबट खड्डा होता. गाडी त्याच्यावर आणून उभी करायची आणि तपासनीसाने खाली उतरून तिचं पोट बघायचं, अशी पद्धत. त्या सकाळी ती खड्ड्यात उतरली तेव्हा गाडीचा नंबर तिने पाहिला होता, रंगही पाहिला होता — दुधात निळी शाई सांडावी तसा — पण गाडीत बसलेल्या माणसाकडे बघायचं राहून गेलं होतं. रोज तीस-चाळीस गाड्या यायच्या. चेहरे कोण लक्षात ठेवतो?

"ब्रेक दाबा," ती खालून म्हणाली.

"दाबला."

"सोडा."

"सोडला."

"परत दाबा… आणि दाबून धरा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"चालेल," वरून आवाज आला. "मला कुठे जायची घाई नाही."

आवाज शांत होता, जरा खर्जातला. अंगणात खाट टाकून बोलत बसावं, तसा. तिने टॉर्च वर धरला आणि उजेडाची बारीक काडी पत्र्यातल्या एका भोकातून थेट गाडीत शिरली.

"तुमच्या पायाखाली भोक आहे."

"माहीत आहे. वारा छान येतो."

"आणि मोजे वेगवेगळे घातलेत. एक करडा, एक निळा."

वर निळा मोजा करड्यामागे सरकला. मग तो म्हणाला, "हेही फॉर्मवर लिहिणार?"

"नाही. मोज्यांना रकाना नाही."

तो हसला. ते हसू पत्र्यातून, सीटच्या स्प्रिंगांतून, जुन्या तेलाच्या वासातून झिरपत खाली आलं, आणि तिला आपलंच नवल वाटलं. नऊ वर्षांच्या नोकरीत तिने खड्ड्यातून कधी कुणाची थट्टा केली नव्हती.

ती शिडी चढून वर आली तेव्हा तो गाडीला टेकून उभा होता. उंच, किडकिडीत, कानशिलांवर चार-दोन पांढरे केस. एरवी माणसं तिच्या हातातल्या पेनाकडे बघत. हा सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि जरा जास्तच वेळ.

तिने लाल पावती लिहायला घेतली. "ब्रेक डावीकडे ओढतोय. पत्रा सडलाय. उजवा हेडलाइट आकाशाकडे बघतोय. हँडब्रेक नावाला आहे. मागचं टायर गुळगुळीत."

"थोडक्यात, नापास."

"नापास. आजपासून साठ दिवसांत अजून दोनदा आणता येईल. त्यातही नाही जमलं तर नंबर रद्द."

"आणि मग?"

"मग भंगार."

त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला. थकलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात, तसा. "कागदावर मालक मी आहे. खरी मालकीण घरी आहे… माझी आत्या. ती फिरती नर्स होती. या गाडीतून तीस वर्षं घरोघर जायची. आता तिचं कंबरेचं हाड कुरकुरतं. बसची पायरी चढवत नाही, नव्या गाड्यांत वाकून शिरवत नाही. या गाडीचं दार बघा केवढं आहे. आत्या सरळ बसते, किल्ली फिरवते आणि निघते. ही गेली की ती घरातच."

तिने पुढचा रकाना भरला. असल्या गोष्टी सगळेच सांगत. फरक एवढाच, की तो हे सांगताना तिच्याकडून काही मागत नव्हता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कागद एवढा लांब धरून का लिहिता?"

"सवय आहे."

"मी चष्मे बनवतो. सवय नाही ती, तुम्हाला जवळचं कमी दिसतंय."

"मला सगळं दिसतं. तुमचे मोजेसुद्धा दिसले."

"मोजे दोन हात लांब होते," तो म्हणाला आणि खिशातून दुकानाचं कार्ड काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. "या कधी. तुमचीही तपासणी करू. माझ्याकडे कितीही वेळा नापास झालं तरी चालतं."

जाणार नाहीच, असं तिने ठरवलं होतं. पण त्या आठवड्यात सुईत दोरा ओवताना तिने तीनदा नेम चुकवला, आणि आई म्हणाली, "गाड्या नापास करतेस, आलेली स्थळं नापास करतेस, आता दोऱ्यालाही नापास कर." मग अकराव्या दिवशी कामावरून सुटल्यावर तिची पावलं आपोआप त्या गल्लीकडे वळली.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर चष्म्यांच्या रांगा, आणि रस्त्यावरून सायकल गेली की शंभर काचांतून शंभर सायकली जायच्या. त्याने तिला पाहिलं, हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि काही न विचारता मागच्या खोलीचा पडदा बाजूला केला.

आत अंधार होता. त्याने तिच्या नाकावर लोखंडी वजनदार चौकट चढवली, हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं, आणि एकामागून एक भिंगं बदलायला लागला.

"हे बरं… की हे?"

"पहिलं."

"आता हे… की हे?"

"दुसरं. नाही… परत दाखवा."

तो परत दाखवायचा. त्याची बोटं तिच्या कानापाशी यायची, गालाला न लागता परत जायची. बाहेर कुणीतरी रस्त्यावर पाणी मारत होतं, त्याचा वास पडद्याखालून आत येत होता. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं. कुणीतरी आपल्याला पुन्हा पुन्हा विचारत राहावं, हे बरं की हे, आणि आपल्याला ठरवता येऊ नये.

"शेवटची ओळ वाचा."

तिने कार्ड हळूहळू लांब नेलं. त्याने तेवढंच हळू ते तिच्या हातासकट जवळ आणलं. "अंहं. कॉपी चालणार नाही."

"…नाही वाचता येत."

"नापास," तो हलकेच म्हणाला.

"किती वाईट?"

"पत्रा चांगला आहे. हेडलाइट छान आहेत. फक्त जवळचं दिसत नाही… बरेच दिवस जवळ कुणी काही आणलेलं दिसत नाही."

अंधार होता म्हणून बरं. आपण लाल झालोत हे तिला स्वतःला कळत होतं.

आठवड्याने चष्मा तयार झाला. गोल, तपकिरी काड्यांचा. तो घालून ती दुकानातून बाहेर पडली तेव्हा स्वतःच्या तळहातावरच्या रेषा बघत सिग्नलपर्यंत चालत गेली. तो तिच्याबरोबर तिथपर्यंत आला होता, दुकान उघडं टाकून. पुढचे काही दिवस चष्म्याचं कधी नाक टोचायचं, कधी काडी सैल व्हायची. चष्मा इतका बिघडतो कसा, असं आईने एकदा विचारलं. ती चप्पल घालून पुन्हा दुकानाकडे निघाली.

गाडी दुसऱ्यांदा आली तेव्हा ओळखू येत नव्हती. नवा पत्रा, नवं टायर, ब्रेक चोख. तो रोज दुकान बंद करून गॅरेजवाल्याच्या बोकांडी बसत होता. ती नवा चष्मा लावून खड्ड्यात उतरली. वरचं भोक बुजलं होतं, त्यामुळे त्याचा आवाज आज लांबून आल्यासारखा वाटत होता.

"मोजे बघायचे राहिले तुमचे आज," ती म्हणाली.

"आज एकसारखे आहेत. मुद्दाम घातलेत."

ती हसली, आणि हसता हसताच टॉर्च स्टिअरिंगच्या जोडावर गेला. दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाशी एक रेघ होती. केसाएवढी. तिने बोटाने पुसून पाहिली. मळ नव्हता. दांड्याला चीर गेली होती.

ती तशीच उभी राहिली. चष्मा काढला — रेघ नाहीशी झाली. चष्मा लावला — रेघ परत आली.

"काय झालं?" वरून तो म्हणाला. "गप्प झालात."

वर आल्यावर तिने सांगितलं. त्याला आधी कळलंच नाही. "मागच्या वेळी तर नव्हती."

"मागच्या वेळीही असणार. मला दिसली नव्हती."

"म्हणजे मी दिलेल्या चष्म्याने…"

"हो."

त्याने हसायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. "वेल्डिंग करून आणतो."

"स्टिअरिंगला वेल्डिंग चालत नाही. पार्टच बदलावा लागेल."

"हा पार्ट वीस वर्षांत कुणी बनवलेला नाही." तो खालच्या आवाजात म्हणाला, "मागच्या वेळी तुम्हाला दिसली नव्हती. आजही नसती दिसली, तर…" आणि मध्येच थांबला. कपाळावरून हात फिरवला. "नाही. मी हे बोललोच नाही असं समजा."

"समजते," ती म्हणाली आणि लाल पावती फाडून दिली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली, आणि निळी गाडी फाटकातून बाहेर गेली. तो मागे वळून बघेल असं तिला वाटलं होतं. त्याने पाहिलं नाही.

मग दिवस नुसते जात राहिले. त्याचा फोन नाही, निरोप नाही. चष्म्याची काडी अगदी घट्ट बसलेली होती, कुठे टोचत नव्हती, आणि त्याचाच तिला राग येत होता. संध्याकाळी गच्चीत कपडे काढताना ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. तुमची आत्या ती गाडी चालवते ना? वळणावर दांडा तुटला असता म्हणजे? मग भांडण आपोआप विरघळायचं आणि नुसता तो आवाज उरायचा… हे बरं, की हे?

बाराव्या दिवशी तिला राहवलं नाही. ती गल्लीत गेली. दुकानाला कुलूप होतं आणि दारावर कागद चिकटवलेला. तिने सवयीने दोन पावलं मागे जाऊन वाचायला सुरुवात केली, मग आपला चष्मा आठवून जवळ गेली.

'गाडीचा पार्ट शोधायला गेलो आहे. चष्मे तयार असलेल्यांनी शेजारच्या बेकरीतून न्यावेत. तपासनीस बाई आल्या तर त्यांना सांगावे की मी रागावलेलो नाही, लाज वाटते आहे.'

तिने तो कागद किती वेळा वाचला कुणास ठाऊक. बेकरीवाल्या काकू काउंटरवरून मान काढून म्हणाल्या, "तुम्हीच का त्या? आठवडा झाला रोज बघतेय कोण येतं ते."

"मीच," ती म्हणाली. आणि तेवढ्या एका शब्दाने तिला सगळं स्वच्छ दिसलं. आता त्या गाडीखाली आपण उतरायचं नाही. चीर दिसली तरी ती दिसू नये असं वाटेल, आणि नाही दिसली तर आपल्यावरच विश्वास बसणार नाही.

केंद्रावर तिच्याखेरीज एकच तपासनीस होते. वयाने मोठे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. बाहेरचे लोक त्यांना 'नापास साहेब' म्हणायचे. जुनी गाडी त्यांच्या हाताखालून सुटली, असं कुणी ऐकलं नव्हतं. तिने तपासनीस बदलण्याचा फॉर्म भरून त्यांच्यापुढे ठेवला. मग त्यांनी तो दोनदा वाचला.

"कारण, वैयक्तिक. वैयक्तिक म्हणजे काय? नातेवाईक आहे?"

"नाही सर."

"शेजारी?"

"नाही."

"मग कोण आहे?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "अजून… कुणी नाही."

नापास साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "'अजून' हे कारण होत नाही बाई. नीट लिहा. उद्या कुणी विचारलं तर मला दाखवावं लागेल."

तिने पेन उचललं. बराच वेळ लागला. मग, सरकारी भाषेची एवढ्या वर्षांची सवय मदतीला धावून आली आणि तिने लिहिलं : सदर वाहनाच्या मालकांविषयी माझ्या मनात ओढ निर्माण झाली असून, त्यामुळे माझी तपासणी निःपक्ष राहील याची मला खात्री देता येत नाही.

साहेबांनी वाचलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "आता बरोबर आहे. खाली मालकाची संमतीची सही लागेल."

"म्हणजे… ते हे वाचणार?"

"न वाचता मी कुणाची सही घेत नाही."

साठ दिवसांतला शेवटचा दिवस उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊनच. निळी गाडी फाटकातून आत आली तेव्हा ती रेकॉर्डच्या खोलीत होती. काचेतून तिने पाहिलं, तो उतरला, इकडेतिकडे नजर फिरवली. नापास साहेबांनी त्याच्या हातात फॉर्म दिला. मग तिला बघवेना. मागच्या दाराने ती बाहेर आली आणि पत्र्याच्या शेडखाली जी बाकं होती त्यांतल्या एकावर बसली.

बाकावर आधीच एक वृद्ध बाई ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स.

"तूच ना ती, गाडी नापास करणारी?" त्या म्हणाल्या. "मी त्याची आत्या."

तिने उठून नमस्कार केला. "तुम्हाला राग आला असेल."

"मला? बस खाली. पडला असता तो दांडा गळून उतारावर, तर मी इथे बसले असते का? हेच मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, तर म्हणतो, मला ठाऊक आहे गं, म्हणूनच तोंड दाखवायची लाज वाटते." आत्यांनी पर्समधून रुमाल काढून तिच्या केसांवरचे थेंब टिपले. "पंधरा गावं फिरला. शेवटी एका शेतावर अशीच गाडी सापडली, आत कोंबड्या राहत होत्या. पार्टाबरोबर सहा अंडी घेऊन आला. आणि सबंध वेळ मला सांगतोय काय, तर ती मान अशी करून लिहिते, ती अशी हसते. मी म्हटलं, अरे, गाडीचं काय ते सांग."

शेडच्या पत्र्यावर पाऊस हलक्या बोटांनी वाजत होता. आत ब्रेक दाबल्याचा, सोडल्याचा आवाज येत होता. नापास साहेबांचा टॉर्च फिरत राहिला. अर्धा तास. पाऊण तास. आत्या डुलक्या घ्यायला लागल्या. तिने किती वेळा चष्मा पुसला, त्याला गणती नव्हती.

शेवटी साहेबच आधी बाहेर आले. हातात पावती होती, पण पावसाच्या उजेडात तिचा रंग कळेना. ते बाकापाशी थांबले, आणि त्यांनी पावती आत्यांच्या हातात दिली.

हिरवी होती.

"वायपर जुने आहेत," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी बदलून आणा." आणि तिच्याकडे न बघता जाता जाता, "सही करायला फार वेळ लावला त्याने. मी म्हटलं, सही करायचीय, पाठ नाही करायचं."

तो मागून आला. केस ओले, हातांना काळं लागलेलं. तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि बोलायचं विसरला. आत्या पावतीत डोकं घालून बसल्या होत्या, अगदी मुद्दाम.

"दोनदा वाचलं मी," तो म्हणाला.

"एकदा वाचून सही करायची असते."

"पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नीट दिसत नाहीये."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा वाटलं… हे मी आधी लिहायला हवं होतं. त्या पहिल्या दिवशी ब्रेक दाबून धरा म्हणालात ना, तेव्हाच. मी सांगेपर्यंत, म्हणालात. मला वाटलं होतं, सांगू नका."

ती पावसाकडे बघत राहिली, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर काहीतरी वेडंवाकडं बोलून गेली असती.

"किती वाजता सुटता?" त्याने विचारलं.

"साडेपाचला."

"आत्याला घरी सोडून गाडी घेऊन येतो."

उरलेली दुपार तिने सहा ट्रक आणि दोन शाळेच्या बस तपासल्या. त्यातला एकही तिला नंतर आठवला नाही. साडेपाचला ती फाटकात येऊन उभी राहिली. पाऊस थांबला होता, रस्ता धुऊन पुसून ठेवल्यासारखा दिसत होता. पाच चाळीस झाले. पावणेसहा झाले. दर गाडीच्या आवाजाला तिची मान वळायची.

आणि मग वळणावरून तो आला. पायी. जवळजवळ पळत.

"गाडी?" तिने विचारलं. "काय झालं गाडीला?"

"काही नाही… गाडी उत्तम आहे," तो दम घेत म्हणाला. "घरी पोचलो, आत्याला म्हटलं उतर. म्हणाली, तूच उतर. साठ दिवस मी घरात बसलेय. किल्ली घेतली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. मैत्रीण दुसऱ्या गावात राहते."

ती हसायला लागली आणि तिला हसू आवरेना. तोही हसला. रस्त्याच्या कडेने दोघं चालू लागले. बसस्टॉप तिथून बराच लांब होता, आणि ती आपल्या नेहमीच्या चालीने निघाली, झपाझप, कामावरून सुटलेल्या माणसाच्या चालीने. चार पावलांवर त्याने तिचा हात धरला. पहिल्यांदाच.

"एवढ्या भरभर नको," तो म्हणाला. "हळू चाल ना."

'तुम्ही' गेलं होतं. ते कुठे गळून पडलं हे बघायला तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."